संत जोसेफ चर्च, वसई किल्ला

पालघर जिल्ह्यातील वसईच्या किल्ल्यात भग्नावस्थेत असलेले चर्च. पोर्तुगीज अमलातील वसई शहराचे हे मुख्य धर्मग्राम-चर्च (पॅरिश चर्च) होते.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे कोटाच्या आत शहर वसले आणि १५४६ च्या सुमारास, गोव्याचे बिशप जुआंव द आल्बुकेर्क यांच्या काळात, त्याच्यासाठी हे चर्च उभे राहिले. १६०१ मध्ये ते नव्याने, अधिक मोठे बांधले गेले. तेव्हा गोव्याचे आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश होते. केरळातील उदयंपेरूरची १५९९ ची प्रसिद्ध धर्मसभा भरवणारे ते हेच. या पुनर्बांधणीचा पोर्तुगीज शिलालेख चर्चच्या दारावर कोरला होता.

किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन या संघांची स्वतंत्र चर्चे व मठ होते. संत जोसेफ मात्र कुठल्याही संघाचे नव्हते. ते शहराचे होते. बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी या रोजच्या संस्कारांसाठी नागरिकांचे हक्काचे चर्च हेच. तरीही वसईतील बड्या पोर्तुगीज घराण्यांचे कोरीव थडगे-दगड पाहायचे तर फ्रान्सिस्कन चर्चमध्येच जावे लागते.

मे १७३९ मध्ये मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी दीर्घ वेढ्यानंतर वसई जिंकली. शरणागतीच्या करारात ख्रिस्ती रयतेला धर्मपालनाची मुभा होती. त्यामुळे हे चर्च लढाईने संपले असे म्हणणे अपुरे आहे. कोटातील अधिकारी, सैनिक आणि जमीनदार कुटुंबे शहर सोडून गेली. म्हणजे धर्मग्रामातील माणसेच उरली नाहीत. कोटाबाहेरच्या गावांमधले स्थानिक ख्रिस्ती, मुख्यतः शेतकरी व कोळी, आपापल्या जागी राहिले आणि त्यांची चर्चे आजही नांदती आहेत. वसईच्या ख्रिस्ती परंपरेचा खरा आधार ही गावेच ठरली, आणि वसईचा इतिहास लिहिताना किल्ल्यातील भव्य अवशेषांपुढे ही गोष्ट झाकोळून जाते.

चर्चचे छप्पर कधीच गेले आहे. उंच मनोरा आणि भिंतींचे भाग उभे आहेत. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. जे. गर्सन द कुन्या यांनी १८७६ च्या आपल्या ग्रंथात वसईचे अवशेष तपशिलाने नोंदवले. या चर्चच्या अभ्यासाची सुरुवात तेथूनच करावी. नागासाकी येथे १५९७ मध्ये हुतात्मा झालेले वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचा सण किल्ल्यात दरवर्षी साजरा होतो, पण तो जुन्या जेझुइट चर्चमध्ये.

संत जोसेफचा उल्लेख सर्रास ‘कॅथेड्रल’ असा होतो. तो काटेकोर नाही. पोर्तुगीज काळात वसई गोव्याच्या धर्मप्रांतात मोडत असे, तिला स्वतःचा बिशप नव्हता. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे कॅथेड्रल पापडी येथे आहे.