पोखरणचा स्फोट आणि फर्दापूरचा फाटा

अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेल्या माणसाला आपली गाडी पायथ्यापर्यंत नेता येत नाही. फर्दापूरजवळच्या फाट्यावर, ज्याला सगळे टी-पॉइंट म्हणतात, तिथे ती उभी करावी लागते. मग दुकानांच्या रांगेतून चालत जायचे, एसटीच्या प्रदूषणमुक्त म्हणवणाऱ्या बसचे तिकीट काढायचे आणि चारेक किलोमीटरचा डोंगरातला रस्ता त्या बसने कापायचा. पर्यटक कुरकुरतात. पूर्वी पायथ्याशी ज्यांची दुकाने होती तेही कुरकुरत असत. पण ही व्यवस्था आली कोठून, असे विचारले तर फार थोड्यांना सांगता येते. तिचे मूळ जपानच्या सरकारी कर्जात आहे, आणि त्या कर्जाची गोष्ट 1998 साली पोखरणच्या वाळवंटातून गेली आहे.

जपानी माणसाला अजिंठ्याचे वेड जुनेच. चित्रकार अराई काम्पो हे रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून कलकत्त्याला आले होते. त्यांनी इथे येऊन भित्तिचित्रांच्या नकला केल्या. नारा शहराजवळच्या होर्यूजी मंदिरातली भित्तिचित्रे आणि अजिंठ्याचे बोधिसत्त्व यांच्यातले साम्य अभ्यासक पुन:पुन्हा दाखवीत आले. होर्यूजीची ती चित्रे 1949 च्या जानेवारीत आगीत होरपळली. त्यानंतर अजिंठ्याकडे पाहणाऱ्या जपानी डोळ्यांत थोडी काळजीही असणार, असे मला वाटते. परक्या हातांची मदत अजिंठ्याला काही नवी नव्हती म्हणा. निजाम सरकारने 1920 ते 1922 या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन कारागीर चित्रे जपण्यासाठी बोलावले होतेच. फरक एवढाच, की त्यांचा पगार निजामाने दिला.

जानेवारी 1992 मध्ये जपानच्या परदेशी आर्थिक सहकार्य निधीने ‘अजिंठा-वेरूळ जतन व पर्यटन विकास प्रकल्पा’साठी सुमारे 374 कोटी येन देण्याचा करार केला. आपण याला सर्रास ‘जपानची मदत’ म्हणतो. ते कर्ज होते. व्याज कमी, परतफेड तीस वर्षांची आणि पहिली दहा वर्षे मुद्दलाला सवड. त्यात लेण्यांचे जतन होते, झाडे लावणे होते, रस्ते, पाणी, वीज होती. आणि होता चिकलठाण्याचा विमानतळ. कारण टोकियोचा माणूस फर्दापूरला पोहोचायचा तर तो आधी त्या वेळच्या औरंगाबादला उतरला पाहिजे, आणि त्याला तिथे उतरवणार होती आपली सरकारी विमान कंपनी, इंडियन एअरलाइन्स.

करार होऊन सव्वा वर्ष झाले असेल. 26 एप्रिल 1993 रोजी इंडियन एअरलाइन्सचे दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई असे फिरणारे 491 क्रमांकाचे विमान चिकलठाण्याहून मुंबईकडे उडाले. पर्यटकांसाठीच आखलेली ती फेरी. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता आणि त्या क्षणी त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाची चाके ट्रकला लागली, पुढे ते विजेच्या तारांना अडकले आणि कोसळले. 118 जणांपैकी 55 जण गेले. चौकशीत दोन कारणे निघाली: वैमानिकाने विमान उशिरा आणि चुकीच्या रीतीने उचलले, आणि विमानाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नव्हती. जागतिक वारशाच्या गावचा विमानतळ आणि रस्त्याला फाटक घालायला माणूस नाही! विमानतळ सुधारायला कर्ज कशाला, असे विचारणाऱ्याला मी हा अपघात आठवायला सांगतो. पण रस्ता अडवायला येन लागत नाहीत, हेही त्याच वेळी आठवते.

मग आला मे 1998. अकरा आणि तेरा तारखेला पोखरणला अणुचाचण्या झाल्या. आपल्याकडे पेढे वाटले गेले. हिरोशिमा-नागासाकी सोसलेल्या जपानमध्ये मात्र संताप उसळला. चाचण्यांपाठोपाठ जपान सरकारने भारताला नवी अनुदाने, तातडीची मानवतावादी मदत वगळता, बंद केली. नवी येन-कर्जेही थांबवली. गंमत अशी, की जपानने येन-कर्ज देण्याची सुरुवातच 1958 मध्ये भारतापासून केली होती. चाळीस वर्षांनी पहिल्या कर्जदारालाच दार बंद झाले.

इथे ‘नवी’ हा शब्द महत्त्वाचा. चालू प्रकल्पांना हात लावला नाही. अजिंठ्याचा करार 1992 चा, म्हणून तो या मनाईच्या बाहेर राहिला. त्याच्या पुढच्या टप्प्याला मात्र ही बंदी उठेपर्यंत कागदावरच राहणे भाग होते. दिल्लीतल्या निर्णयाची शिक्षा फर्दापूरला किती व्हायची, हे ठरले ते कराराखालच्या तारखेवरून. कुणी मुद्दाम अजिंठ्याला वगळले नाही आणि कुणी मुद्दाम अडवलेही नाही.

तारखेची अशी रेघ दुसरीकडे किती निर्दयपणे ओढली जाते ते इराणमध्ये दिसते. अमेरिकी निर्बंधांमुळे इराण एअर या तिथल्या राष्ट्रीय कंपनीला वर्षानुवर्षे नवी विमाने मिळाली नाहीत, सुटे भाग मिळवतानाही नाकी नऊ आले. 2015 च्या अणुकरारानंतर तिने एअरबस आणि बोईंगकडे मोठ्या मागण्या नोंदवल्या. 2017 मध्ये तीन एअरबस पोहोचल्या, काही छोटी एटीआर विमानेही आली. मे 2018 मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली आणि परवाने रद्द झाले. करार झालेला होता, विमाने यायची होती, तरी नाही. आपल्या वाट्याला आलेली रेघ त्यामानाने सौम्य म्हणायची.

जपानने 26 ऑक्टोबर 2001 रोजी निर्बंध मागे घेतले. अमेरिकेवरच्या 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सगळ्यांचीच गणिते बदलली होती. अणुबॉम्ब काही भारताने परत केला नव्हता. मधल्या काळात कर्ज देणारी संस्थाही बदलली: जुना निधी 1999 मध्ये जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य बँकेत विलीन झाला. त्या बँकेशी मार्च 2003 मध्ये दुसऱ्या टप्प्याचा करार झाला, पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट, 733 कोटी येनांचा. चिकलठाण्याला नवी टर्मिनल इमारत उभी राहिली. तोवर इंडियन एअरलाइन्स हे नावच जाऊन ती एअर इंडियात मिसळली होती. पुढे 2022 मध्ये एअर इंडियाही टाटांकडे परत गेली. ज्या सरकारी कंपनीच्या भरवशावर हा सारा खटाटोप सुरू झाला, ती राहिलीच नाही.

फर्दापूरच्या टी-पॉइंटजवळ याच दुसऱ्या टप्प्यातून मोठे पर्यटक केंद्र बांधले गेले. 2013 मध्ये ते खुले झाले. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांच्या प्रतिकृती तिथे केल्या होत्या. कल्पना चांगली होती: माणसांच्या श्वासाने आणि घामाने खरी चित्रे झिजतात, तर गर्दीचा काही भार या प्रतिकृतींनी घ्यावा. मी ते पाहिले तेव्हा बाहेर ऊन रणरणत होते आणि आत गारवा होता. एक गुराखी पोर सतराव्या लेण्याच्या नकलेपुढे तोंड उघडे टाकून उभे होते. काही वर्षांतच वीज आणि पाण्याची बिले थकली आणि केंद्राची दारे बंद झाली. परदेशी कर्जात भिंती बसतात, महिन्याचे वीजबिल बसत नाही. 2003 च्या त्या कर्जाची मुदत तीस वर्षांची आहे.