गावात कराटे-तायक्वांदोचा क्लास सुरू झालाय? फी भरण्याआधी सरांची कागदपत्रं अशी तपासा

उन्हाळी सुट्टी लागली की तालुक्याच्या गावांत कराटे, तायक्वांदो, ज्युदोच्या शिबिरांचे फ्लेक्स लागतात. फ्लेक्सवर ‘इंटरनॅशनल कोच’, ‘सेव्हन्थ डॅन ब्लॅक बेल्ट’, ‘वर्ल्ड चॅम्पियन’ अशी बिरुदं असतात. त्यातली काही खरी असतात, काही निव्वळ छापून घेतलेली. कुस्तीच्या बाबतीत आपल्याकडे लगेच विचारतात, ‘कोणत्या तालमीचा? वस्ताद कोण?’ तोच प्रश्न कराटेच्या सरांना मात्र कुणी विचारत नाही.

हा प्रश्न फक्त फीचा नाही. मान, गुडघा, पाठ यांना दुखापत होईल असे प्रकार या खेळांत असतात. मुली एकट्या क्लासला जातात. आणि इथे मिळालेलं प्रमाणपत्र पुढे पोलीस भरतीत जोडलं जातं. ते खोटं निघालं तर अडकतो तो उमेदवार.

आधी हे समजून घ्या: लायसन्स नसतं

मार्शल आर्ट शिकवायला आपल्या देशात सरकारी परवाना लागत नाही. ‘सरकारमान्य ब्लॅक बेल्ट’ अशीही काही गोष्ट नाही. बेल्ट देते ती त्या-त्या शैलीची संस्था. बेल्ट आणि ‘डॅन’ची पद्धत जपानमध्ये ज्युदोपासून सुरू झाली. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोडोकान ही ज्युदोची संस्था काढली, तिथून ही पद्धत पुढे कराटेत आणि इतर खेळांत आली.

अनेक जण ‘आमची संस्था रजिस्टर्ड आहे’ म्हणून नोंदणीचा कागद दाखवतात. सोसायटी नोंदणी कायदा 1860 खाली काही माणसं एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. मान्यताप्राप्त राष्ट्रीय क्रीडा महासंघांची यादी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या वेबसाइटवर असते. तिथे संस्थेचं नाव नसेल तर ‘इंडिया’, ‘वर्ल्ड’ हे शब्द फक्त नावापुरते समजावेत.

कोणत्या खेळात काय तपासायचं?

*तायक्वांदो:* हे तपासणं सगळ्यात सोपं. जगभर चालणारं डॅन प्रमाणपत्र दक्षिण कोरियातल्या सोल इथली कुक्कीवॉन ही संस्था देते. प्रमाणपत्रावर नंबर असतो आणि तो कुक्कीवॉनच्या वेबसाइटवर तपासता येतो. 15 वर्षांखालील मुलांना डॅन नाही, ‘पूम’ मिळतो.

इथे वयाचा हिशोबही कामाला येतो. नियमानुसार पहिल्या डॅननंतर दुसऱ्यासाठी 1 वर्ष, तिसऱ्यासाठी आणखी 2, चौथ्यासाठी 3, पाचव्यासाठी 4 आणि सहाव्यासाठी 5 वर्षं थांबावं लागतं. म्हणजे 15 व्या वर्षी पहिला डॅन घेणाऱ्याला सहावा मिळेपर्यंत तिशी येते. पंचविशीतले सर ‘सेव्हन्थ डॅन’ म्हणत असतील तर नंबर मागायलाच हवा.

*कराटे:* इथे एकच खिडकी नाही. शोतोकान, गोजू-र्‍यू, शितो-र्‍यू, वाडो-र्‍यू अशा अनेक शैली आहेत आणि प्रत्येकीच्या अनेक संस्था आहेत. म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात: शैली कोणती, बेल्ट कोणत्या वर्षी आणि कुणाच्या हातून मिळाला, आणि ते गुरू किंवा ती संस्था आज कुठे आहे. मग त्या संस्थेला थेट फोन करावा. नंबर सरांकडून न घेता संस्थेच्या वेबसाइटवरून घ्यावा.

*ज्युदो, कुस्ती, बॉक्सिंग:* सर ‘एनआयएस कोच’ म्हणत असतील तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचं प्रमाणपत्र पाहावं. तिथला डिप्लोमा वेगळा आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स वेगळा. ‘एनआयएस’ म्हटलं की दोन्ही एकच, असं नाही.

*मर्दानी खेळ, लाठी-काठी:* इथे बेल्ट नसतोच. कोल्हापूरकडच्या आखाड्यांत वस्तादाचं नाव हीच ओळख. मर्दानी खेळात ‘ब्लॅक बेल्ट’ सांगणाऱ्याला तो कुणी दिला, हे जरूर विचारा.

या गोष्टी दिसल्या तर सावध व्हा

- ‘सहा महिन्यांत ब्लॅक बेल्टची गॅरंटी.’
- दर दोन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, दरवेळी वेगळी फी, आणि नापास कुणीच नाही.
- परीक्षा घेणारे, प्रमाणपत्रावर सही करणारे आणि संस्थेचे अध्यक्ष, तिन्ही सरच.
- ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धा’, पण एन्ट्री फी भरली की कुणालाही प्रवेश. निवड चाचणी झालीच नसेल तर तो भारताचा संघ नव्हे, जर्सीवर ‘इंडिया’ लिहिलं असलं तरी.
- मूळ कागद विचारला की ‘पुण्याच्या ऑफिसला आहेत’, ‘पुरात गेले’ अशी उत्तरं.
- पालकांनी सराव बघायला बसायचं नाही, अशी अट.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. मोठा बेल्ट नसणं म्हणजे फसवणूक नाही. ‘माझा पहिलाच डॅन आहे, मी नवख्या मुलांना शिकवतो’ असं सरळ सांगणारा शिक्षक चांगला असू शकतो. खोटं सांगणं हाच गुन्हा.

सर्टिफिकेटवर नोकरी मिळते का?

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पण क्लासमध्ये मिळालेला बेल्ट किंवा ‘ओपन नॅशनल’चं मेडल तिथे चालत नाही. खेळ, स्पर्धा आणि ती भरवणारी संघटना, तिन्ही शासनाच्या नियमात बसावी लागतात. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात होते. तिथे बनावट कागद निघाला तर नोकरी तर जातेच, वर उमेदवारावर गुन्हा दाखल होतो. ‘सरांनी दिलं होतं’ एवढ्याने सुटका होत नाही. एखादी स्पर्धा नियमात बसते का, हे पैसे भरण्याआधीच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावं.

शाळेत येणारे प्रशिक्षक

सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा अभियानातून राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालतं. मुदत तीन महिने असते. प्रशिक्षक कुणी नेमला, त्याची पात्रता काय आणि पोलीस चारित्र्य पडताळणी झाली का, हे शाळा व्यवस्थापन समितीत विचारायचा पालकांना अधिकार आहे. तोंडी उत्तर मिळालं नाही तर 10 रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मुलींच्या सरावावेळी एक शिक्षिका हजर असावी, हा आग्रह पालकांनी धरावा.

फसवणूक झाली तर काय करायचं?

1. पुरावा जमवा. फीच्या पावत्या, फोन-पे, गुगल-पेच्या नोंदी, फ्लेक्सचा फोटो, जाहिरातीचे मेसेज आणि दिलेलं प्रमाणपत्र जपून ठेवा. फी कायम पावतीवर किंवा ऑनलाइनच द्या.
2. सरांना लेखी विचारा. चार-पाच पालकांनी मिळून सह्या करून मूळ कागद दाखवायला सांगा, 15 दिवसांची मुदत द्या.
3. खासगी क्लास असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. पुढे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणात आयोगाची फी नाही.
4. खोटी पदवी सांगून पैसे घेतले किंवा बनावट कागद दिला तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम 318, तर बनावट दस्तऐवजासाठी 336 आणि 340 आहे. तक्रारीची पोच घ्यायला विसरू नका.
5. मुलाशी किंवा मुलीशी गैरवर्तन झालं असेल तर आधी वरचं काही करत बसू नका. लगेच 112 किंवा 1098 वर फोन करा. तिथे पोक्सो कायदा लागू होतो आणि गावात बसून मिटवामिटवी करणं हाही गुन्हा ठरू शकतो.

एक चूक मात्र टाळा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांचा फोटो टाकून ‘हा बोगस आहे’ असं लिहू नका. पुराव्याशिवाय असं लिहिलं तर बदनामीची केस उलट पालकांवर होऊ शकते. शंका असेल तर ती लेखी अर्जातच मांडावी.

फी भरण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

शैली कोणती? बेल्ट कुणी आणि कोणत्या वर्षी दिला? प्रमाणपत्राचा नंबर काय? वर्षभराचा एकूण खर्च किती, परीक्षा फीसकट? आणि पालक सराव बघायला बसू शकतात का? खऱ्या शिक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाही. तो स्वतःहून फाइल उघडून दाखवतो.