झाडीपट्टीतील नटाची मिळकत

आधी कर्ज काढून नाट्यकलेची पदवी घ्यावी, मग मिळकतीची वाट पाहावी, हा हल्लीचा क्रम. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे १९८२ साली विभागलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीत, झाडीपट्टीचा नट घडला तो गावच्या दंडारीत. तेथे शुल्क कसले? धान घरात आले की दिवाळीनंतर मंडपात रात्रभर नाटके रंगावयाची. वडसा हे नाटकमंडळ्यांचे मुख्य ठाणे, आणि तिकिटांच्या उत्पन्नातून नटाचे मानधन. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री लाभली. असा मान विरळाच! हंगाम सरताच बहुतेक नट पुन्हा शेतावर. विद्येचे कर्ज त्यांच्या शिरी नसते खरे. परंतु पावसाळ्यात रंगभूमी त्यांना पोशीत नाही.