इजेची तारीख

यंत्रात बोट सापडले तर इजेची तारीख सांगता येते. पण हात रोज थोडाथोडा निकामी होत गेला, तर तारीख कोणती सांगायची? ब्रिटनमधल्या तारमास्तरांपुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच पेच होता.

मोर्सच्या लिपीत 'एच' या एका अक्षरासाठी चार टिंबे, म्हणजे कळ चार वेळा दाबायची. दिवसभर हेच काम. पुढे काहींची बोटे आखडत, टिंबे नीट उमटत नसत. दुखणे अगदी नवे नव्हते. सतत एकच हालचाल करून लेखनिकांचा हात थकतो, हे इटालियन वैद्य रामाझिनी यांनी १७१३ मध्येच लिहून ठेवले होते.

१८९७ च्या ब्रिटिश कायद्यात भरपाई होती ती फक्त अपघातासाठी. १९०६ च्या कायद्याने शिसे, पारा यांच्या विषबाधेसारख्या सहा रोगांची यादी जोडली. १९०८ मध्ये तीत 'तारमास्तरांचा पेटका' आला. तारखेचा प्रश्नही सुटला: कामगार रोगामुळे अक्षम झाला, तोच अपघाताचा दिवस धरायचा!

मात्र १९११ मध्ये टपाल खात्याच्या चौकशी समितीने दोन कारणे दिली: वारंवार येणारा थकवा आणि तारमास्तराची नाजूक मज्जाप्रकृती. म्हणजे दोषाचा अर्धा वाटा पुन्हा कामगाराकडेच!

भारतातली तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली. कळा मात्र संगणकावर आल्या. आज कुणाचे मनगट दुखू लागले, तर आपण आधी काय तपासतो, त्याची प्रकृती की त्याचे काम? वर्गात हा प्रश्न जरूर विचारून पाहू.