कृत्रिम सांध्यातील जंतुसंसर्ग : अणुवैद्यकीय निदान

बसवलेला खुबा किंवा गुडघा पुन्हा दुखू लागल्यास तो नुसता सैल झाला आहे की त्यात जंतुसंसर्ग आहे, हे ओळखण्यासाठी किरणोत्सारी द्रव्ये टोचून घेतलेली चित्रे. वेदना दोन्हींत सारखी, उपचार मात्र फार वेगळे. संसर्ग असल्यास अनेकदा सांधा काढून, प्रतिजैविके देऊन, मगच नवा बसवतात.

टेक्नेशियम-९९एम वापरून केलेला हाडांचा स्कॅन सोपा असतो. तो निर्दोष आला तर संसर्गाची शक्यता कमी. परंतु शस्त्रक्रियेनंतर वर्षभर, गुडघ्यात त्याहूनही अधिक काळ, भरून येणारे हाडही उजळ दिसते. त्यामुळे केवळ उजळपणावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे.

अधिक भरवशाची पद्धत रुग्णाच्याच श्वेतपेशींची. त्या रक्तातून वेगळ्या करून इंडियम-१११ (अर्धायुकाल सुमारे २.८ दिवस) किंवा टेक्नेशियम-९९एम (६ तास) यांनी अंकित करतात व परत शिरेतून सोडतात. इंडियमचे तंत्र १९७०च्या दशकात लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात पुढे आले. अडचण अशी, की या पेशी निरोगी अस्थिमज्जेतही साठतात आणि सांधा बसवताना मज्जा इकडेतिकडे सरकलेली असते. म्हणून जोडीला गंधक-कोलॉइडचा मज्जा-स्कॅन करतात. पेशी दिसतात, पण कोलॉइड दिसत नाही, ती जागा संसर्गाची. या जोडचाचणीची अचूकता ९० टक्क्यांच्या आसपास मानतात. काम मात्र वेळखाऊ आणि निर्जंतुक प्रयोगशाळेचे.

फ्लोरिन-१८ युक्त ग्लुकोजचा पेट स्कॅन झटपट होतो, पण झिजलेल्या प्लॅस्टिकच्या कणांनी आलेली सूजही त्यात चमकते. नेमका जंतू कोणता, हे सांध्यातील द्रव किंवा ऊतींच्या तपासणीतूनच कळते.