खानदेशांतील घडीची खुर्ची आणि तिचे सांधे

इतिहास म्हटला म्हणजे आपणांस तख्तें आणि सिंहासनें आठवतात. परंतु ज्या आसनावर बसून इंग्रजी अमलांत खानदेशाच्या साऱ्याचे आंकडे तपासले गेले आणि रयतेच्या फिर्यादी ऐकल्या गेल्या, तें आसन पुष्कळदां घडी घालून गाड्यावर टाकतां येणारी एक लांकडी खुर्ची होती. अशा खुर्च्या जळगांव-धुळ्याकडील जुन्या घरांच्या माळ्यांवर अद्याप सांपडतात. बहुतेकींचे सांधे खिळखिळे झालेले असतात. त्या मोडींत काढाव्यात कीं नीट कराव्यात, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली व खानदेश कंपनीच्या ताब्यांत आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांजकडे प्रांताचा कारभार आला आणि धुळें हें मुख्य ठिकाण झालें. १८२५ मध्यें जेम्स औट्रम यांनीं भिल्लांची पलटण उभारण्यास आरंभ केला. तिचें ठाणें धरणगांवीं होतें. तापीच्या खोऱ्यापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेला हा मुलूख एका जागीं बसून राखतां येणें शक्य नव्हतें. म्हणून पावसाळा सरला कीं साहेबांचा दौरा निघे आणि आंबराईंत तंबू पडत. जेथें तंबू तेथें कचेरी, आणि कचेरींत घडीचें मेज व घडीची खुर्ची. साहेब खुर्चीवर व रयत जमिनीवर, ही मांडणी तेव्हांपासून लोकांच्या डोळ्यांत बसली. सत्तेला आपण आजही ‘खुर्ची’ म्हणतों, तें उगीच नव्हे.

पुढें आगगाडी आली. १९०० सालीं चाळीसगांवाहून धुळ्यापर्यंत फांटाही झाला. १९०६ मध्यें खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगांव व धुळें हीं त्यांचीं मुख्य ठिकाणें ठरलीं. कचेऱ्या वाढल्या, वकील-मास्तरांची वस्ती वाढली आणि साहेबाची खुर्ची मध्यम वर्गाच्या ओसरीवर आली. तथापि बैठकीचा जुना रिवाजही मेला नव्हता. डिसेंबर १९३६ मध्यें फैजपुरास पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रसभेचें खेड्यांतील पहिलें अधिवेशन भरलें, तेव्हां नंदलाल बोस यांनीं बांबू-गवतासारख्या गांवच्याच सामानानें तें नगर सजविलें. तेथें मोठेपण खुर्चीच्या उंचीवर मोजावयाचें नव्हतें.

आतां खुर्चीच्या सांध्यांकडे वळूं. अशा खुर्चींत दोन जातींचे सांधे असतात. एक स्थिर सांधा: आडव्या पट्टीच्या टोंकाचें कुसूं उभ्या पायाच्या खांचेंत सरसानें बसविलेलें असतें. दुसरा हलता सांधा: दोन पाय एकमेकांस छेदतात तेथील धातूची खीळ, जिच्याभोंवतीं घडी होते. दोहोंचा आजार निराळा आणि औषधही निराळें.

स्थिर सांधा ढिला होण्यांत खानदेशच्या हवेचा मोठा वांटा आहे. मे महिन्यांत जळगांवचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पुढल्याच महिन्यांत पावसाची दमट हवा येते. लांकूड दमट हवेंत आडवें फुगतें, लांबींत जवळजवळ नाहीं. खांचेच्या भिंतींत कोंडलेलें कुसूं फुगूं लागलें कीं त्याचे तंतु चेपले जातात. उन्हाळ्यांत तें आटतें तें मूळच्याहून बारीक होऊन. असें वर्षानुवर्षें चाललें म्हणजे सरस तडकतो आणि खुर्ची डुलूं लागते.

आमच्या घरची सागवानी खुर्ची अशीच डुलूं लागली तेव्हां आम्हीं ती घाईनें एका कारागिराकडे दिली. त्यानें प्रत्येक सांध्यांत लोखंडी खिळा ठोकून दिला. चार महिने खुर्ची ताठ उभी राहिली. नंतर एके दिवशीं खिळ्याच्या रेषेंतच पाय उभा चिरला, आणि तीवर बसलेले आमचे वृद्ध मामा थोडक्यांत बचावले. कारागिरास दोष कशाला द्यावा? उतावीळ आमचीच होती.

पुढें एका जाणत्या सुतारानें आम्हांस खरी रीत दाखविली. सांधा ओढून न काढतां कोमट पाण्यानें जुना सरस मऊ करावा व सांधा हळूच सोडवावा. सुटा सरस खरवडावा. कुसूं तासूं नये, कारण गेलेलें लांकूड परत येत नाहीं. कुसूं बारीक झालें असल्यास त्यावर त्याच जातीच्या लांकडाची पातळ चिपटी चिकटवावी. सरसाचें भांडें गरम पाण्याच्या भांड्यांत ठेवून तो पातळ करावा. उकळूं देऊं नये. सांधा बसविल्यावर भोंवतीं दोरी गुंडाळून काठीनें पीळ द्यावा, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून सारखे करावे आणि एक दिवस हात लावूं नये.

हलत्या सांध्यास मात्र सरसाचा थेंबही लागूं देऊं नये. तेथें खिळीच्या घर्षणानें भोंक लांबट झालेलें असतें. तें सागाच्या डाटानें बुजवून नव्यानें पाडावें, दोन लांकडांमध्यें पितळेची चकती घालावी व किंचित मेण चोळावें. ढिलेपणा नेहमींच दोष असतो असेंही नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुरकीच्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या लष्करी खुर्चीचे सांधे मुद्दामच सरसावांचून ठेवीत; उंचसखल जमिनीवर तिचे चारही पाय टेकत आणि बसणाराच्या भारानें ती आवळली जाई.

सरसच कां, आजचें चिवट रासायनिक चिकटण कां नको? कारण सरस पुन्हां सोडवितां येतो. पन्नास वर्षांनीं येणाऱ्या सुताराची वाट आपण बंद करीत नाहीं. ज्या धुळ्यांत इतिहासाचार्य राजवाडे राहिले आणि १९२६ च्या ३१ डिसेंबरला निवर्तले, त्या धुळ्याच्या लोकांस हें समजावून सांगण्याची गरज नसावी. जुना कागद जपणारा त्यावर आपल्या शाईनें अक्षरें गिरवीत नाहीं. फाटलें तेवढेंच जोडतो. जुन्या खुर्चीचाही न्याय तोच.

आमची खुर्ची आतां पुन्हां ओसरीवर आहे. चिरलेला पाय सांधला आहे आणि चीर दिसते; ती आम्हीं रंगानें झांकली नाहीं. मामा तीवर बसतात, पण बसण्यापूर्वीं एकदां हात ठेवून हलवून पाहतात. त्यांस आम्ही हंसत नाहीं.