पश्चिमी खंड-७, रामकृष्णपुरम

नवी दिल्लीतील आर. के. पुरम या केंद्र सरकारच्या कर्मचारी वसाहतीतील एक कार्यालयीन इमारत. वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग आणि केंद्रीय हिंदी निदेशालय या शिक्षण मंत्रालयाच्या दोन संस्थांचा हा पत्ता. ‘सॉफ्टवेअर’ म्हणायचे की ‘आज्ञावली’, ‘ॲप’मधला ॲ कोणत्या कळीने उमटतो, फोनवरचा ल शाळेतल्या ल सारखा का दिसत नाही, अशा संगणकावरच्या मराठीविषयीच्या रोजच्या कुरबुरींचे काही धागे या पत्त्याशी जाऊन भिडतात. प्रस्तुत नोंद इमारतीपेक्षा त्या धाग्यांची अधिक आहे.

नाव : वसाहतीला रामकृष्ण परमहंसांचे नाव दिलेले असले तरी व्यवहारात ‘आर. के. पुरम’ हेच रूढ आहे. मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर २०१८ मध्ये सुरू झालेल्या स्थानकाचे नावही तेच. कार्यालयांच्या हिंदी पत्रशीर्षावर ‘पश्चिमी खंड-७’ छापतात; रिक्षावाल्याला मात्र ‘वेस्ट ब्लॉक’ सांगावे लागते. परिभाषा घडवणाऱ्या आयोगाला परिभाषेची पहिली अडचण स्वतःच्या पत्त्यातच आहे.

पूर्वपीठिका : संविधानाच्या ३४४व्या अनुच्छेदानुसार १९५५ मध्ये पहिला राजभाषा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष बाळ गंगाधर खेर हे मूळचे रत्नागिरीचे, मुंबई प्रांताचे माजी मुख्यमंत्री. आयोगाचा अहवाल १९५६ मध्ये आला. सुनीतिकुमार चटर्जी व पी. सुब्बरायन यांनी त्यास भिन्नमतपत्रिका जोडल्या. पुढे संसदीय समितीने अहवाल तपासला आणि २७ एप्रिल १९६० रोजी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. शास्त्रीय परिभाषेसाठी स्थायी आयोग नेमावा, हे त्या आदेशात होते. त्यानुसार १ ऑक्टोबर १९६१ रोजी शब्दावली आयोग स्थापन झाला. पदार्थवैज्ञानिक दौलतसिंह कोठारी हे त्याचे पहिले अध्यक्ष. हिंदी निदेशालय त्याआधीचे, १ मार्च १९६० चे. त्याच वर्षी ६ जुलैला महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय मुंबईत सुरू झाले. दिल्ली आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी शब्द पाडण्याच्या टांकसाळी अशा चार महिन्यांच्या अंतराने निघाल्या. त्यांचा आपसांतला पत्रव्यवहार हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा.

परिभाषा : आयोगाची तत्त्वे थोडक्यात अशी. मूलद्रव्ये, एकके, व्यक्तिनामांवरून आलेल्या संज्ञा आणि प्राणी-वनस्पतींची द्विपदनामे आंतरराष्ट्रीय रूपातच ठेवून देवनागरीत लिहावीत. संकल्पनादर्शक शब्दांना देशी प्रतिशब्द द्यावेत. ते शक्यतो सर्व भारतीय भाषांना चालतील असे, म्हणजे बहुधा संस्कृतोद्भव असावेत. संकरित शब्दांना मनाई नाही. कागदावर ही तत्त्वे समंजस आहेत. संगणकाच्या बाबतीत त्यांतून ‘अभिकलित्र’ आणि ‘क्रमादेश’ असे शब्द निघाले. हिंदी वाचकाने ते कोशातच ठेवले आणि ‘कंप्यूटर’ म्हणत राहिला.

मराठीत वेगळे घडले. ‘संगणक’ टिकला. तो उच्चाराला सोपा आहे, ‘गणना’ त्यात ऐकू येते, आणि तो शाळेच्या पुस्तकात, कार्यालयाच्या पाटीवर व नोकरीच्या जाहिरातीत एकाच सुमारास पोचला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या (स्थापना २००१) एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तो तालुक्यापर्यंत नेला. अर्थात, प्रमाणपत्रावर ‘संगणक’ असलेली मुलगी घरी सांगते ती ‘कॉम्प्युटरच्या क्लासला जाते’ असेच. कळफलक, संकेतस्थळ व दुवा हे छापील मराठीत रुळले. ‘परवलीचा शब्द’ लष्करातून आला, पण ‘पासवर्ड’पुढे मागे पडला. ‘आज्ञावली’ला प्रोग्राम म्हणावे की सॉफ्टवेअर, हे अजून ठरलेले नाही, लेखक दोन्ही अर्थांनी वापरतात आणि वाचक संदर्भाने समजून घेतात.

शब्द घडवण्याचा मराठीतला नाद जुना आहे : शिवकालीन राज्यव्यवहारकोश, सावरकरांची भाषाशुद्धी आणि तिच्या बाजूने लिहिलेला माधव जूलियनांचा भाषाशुद्धिविवेक (१९३८). मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह हा अठरावा खंड १९७३ मध्ये, पहिल्या खंडाच्याही आधी बाहेर पडला. शब्द हाताशी नसतील तर नोंदी लिहायच्या कशाने, हा संपादकांचा हिशेब त्यातून दिसतो.

समितीबाहेर घडलेल्या शब्दांची जात निराळी. कुणाचा तरी आलेला मजकूर न वाचता पुढे पाठवणे म्हणजे ‘ढकलपत्र’. फेसबुकचे ‘चेहरापुस्तक’ आणि त्याचे आखूड ‘चेपु’, व्हॉट्सॲपचे ‘कायप्पा’, आंतरजालाचे ‘आंजा’ हे शब्द थट्टेत जन्मले आणि थट्टेतच वापरात राहिले. ‘ढकलपत्र’ मात्र थट्टेपुरते नाही. माहिती वाटणे आणि माहिती ढकलणे यांतला फरक तो एका शब्दात सांगतो, आणि प्रस्तुत संकलकाच्या मते गेल्या पंचवीस वर्षांतल्या संगणकीय मराठीतला तो सर्वांत नेमका शब्द आहे. कोणत्याही सरकारी शब्दसूचीत त्याला स्थान मिळाल्याचे दिसत नाही.

लिपी : परिभाषेवरचे वाद ऐकू येतात, लिपीवरचे दिसतसुद्धा नाहीत, तरी परिणाम त्यांचाच खोल आहे. हिंदी निदेशालयाने १९६६ मध्ये मानक देवनागरी वर्णमाला प्रसिद्ध केली. तोवर हिंदी छपाईत अ, झ, ण यांची दोन-दोन वळणे चालत. निदेशालयाने त्यांपैकी मुंबई वळण स्वीकारले. निर्णयसागरसारख्या मुंबईच्या छापखान्यांनी एकोणिसाव्या शतकात घोटलेल्या अक्षरवळणाचा हा विजयच म्हणावा लागेल. ल आणि श यांच्या बाबतीत मात्र उत्तरेचे वळण मानक ठरले, आणि मराठीचा पाकळीयुक्त ल व देठयुक्त श बाहेर राहिले.

कागदावर याने कुणाचे अडले नाही. मराठी छापखाने आपले खिळे वापरत राहिले. संगणकात मात्र अक्षराला क्रमांक एकच मिळतो, आकार टंकातून येतो. मराठी आणि हिंदी ल चा युनिकोड क्रमांक एकच आहे. टंकात मराठी वळण असले तरी मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदलेली नसल्यास बहुतेक वेळा हिंदी वळणच उमटते. दुसरीतल्या मुलाच्या पाटीवरचा ल आणि त्याच्या आईच्या फोनवरचा ल म्हणून वेगळे दिसतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देवनागरी लिपी व वर्णमाला प्रमाणित केली आणि १० नोव्हेंबर २०२२ रोजी सुधारित निर्णय काढला. शासन निर्णयाने टंक बदलत नाहीत. पण टंक करणाऱ्याला दाखवायला एक कागद झाला.

याहून गुंतागुंतीचे प्रकरण ‘ऱ्य’चे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा; आचार्यांचा सत्कार वेगळा, आचाऱ्यांचा वेगळा. हा आडव्या र चा भेद मराठीला रोज लागतो, हिंदीला मुळीच लागत नाही. निदेशालयाने १९६६ मध्येच परिवर्धित देवनागरीही मांडली होती. इतर भारतीय भाषांचे खास ध्वनी देवनागरीत लिहिता यावेत म्हणून तिच्यात जादा चिन्हे होती. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या इस्की संकेतप्रणालीत आणि मग युनिकोडमध्ये द्राविडी ध्वनींसाठी अशी नुक्तेवाली अक्षरे आली. त्यांतले र खाली नुक्ता असलेले अक्षर (ऱ) तमिळ-मल्याळमच्या कठोर र साठी. मराठीच्या आडव्या र ला त्याच खोलीत पोटभाडेकरू म्हणून जागा मिळाली : ऱ ला हलन्त जोडले की आडवा र उमटतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ, की झाला ‘ऱ्य’. ज्याला हे कुणी दाखवलेले नाही तो ‘दर्‍या’साठी दुसरी वाट धरतो : साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्यरुंदीचा जोडक. युनिकोडला दोन्ही वाटा मान्य आहेत. डोळ्याला दोन्ही शब्द सारखे, यंत्राला निराळे. एका वाटेने लिहिलेले दुसऱ्या वाटेने शोधले तर पुष्कळदा सापडत नाही.

त्यातच हिंदी मजकूर साफ करणाऱ्या काही आज्ञावली नुक्ता हा उर्दू उच्चारांचा जादा ठिपका समजून काढून टाकतात. हिंदीत त्याने फारसे बिघडत नाही. तीच आज्ञावली मराठीवर चालवली की लग्नातले आचारी एका फटक्यात आचार्य होतात.

‘ॲ’ची कथा त्याच वळणाची. इंग्रजी शब्दांतला हा स्वर मराठी अ वर चंद्र देऊन लिहिते, हिंदीच्या पद्धतीत त्यासाठी ए वर चंद्र देतात. युनिकोडमध्ये सुरुवातीला दुसरेच रूप होते. मराठीचा ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला. मधल्या काळात लोकांनी अ पुढे चंद्राची मात्रा देऊन काम भागवले. परिणामी ॲप, अॅप आणि ऍप हे तीन निरनिराळे शब्द आज एकाच कार्यालयाच्या एकाच फाइलीत नांदताना आढळतात. २००९ च्या शासकीय वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना स्वरांत स्थान मिळाले आहे.

ळ ला त्रास झाला नाही.

मजकुराची देवाणघेवाण : युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी फाइल दुसऱ्याला देणे म्हणजे टंकही देणे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, आकृती, आणि प्रगत संगणन विकास केंद्राचे (सी-डॅक) आयएसएम ही त्या काळातली चालती नाणी. प्रत्येकाची संकेतपद्धती निराळी. पुण्यात जुळवलेली लग्नपत्रिका नागपुरात उघडली की वधूवरांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे दिसत. परवान्याची कुलूपकिल्ली असलेला टंक मित्राला देणे ही चोरी की मराठीची सेवा, या प्रश्नावर डीटीपीच्या दुकानांत जेवढी चर्चा झाली तेवढी साहित्य संमेलनात झाली नाही. दुकानदारांचे उत्तर व्यवहारातून दिसत असे. ते इथे नोंदवण्याचे कारण नाही.

सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाचे मूळ कानपूरच्या आयआयटीत आहे. तिथे त्यावर काम करणारे मोहन तांबे १९८८ मध्ये पुण्यात नव्याने निघालेल्या सी-डॅकमध्ये आले. संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डामुळे मूळ इंग्रजी आज्ञावलीतच भारतीय लिप्या लिहिता-वाचता येऊ लागल्या. एकाच कळीवर हिंदीचा क, तमिळचा क, बंगालीचा क ही इन्स्क्रिप्टची कल्पना त्याच काळातली. भारतीय लिप्यांचे वर्णक्रम मुळात एक असल्याने ती शक्य झाली. सरकारी टंकलेखक आज इन्स्क्रिप्ट शिकतात. बाकीचे लोक रोमनमध्ये ‘kasa’ लिहिताच ‘कसा’ उमटवणाऱ्या गमभन, बराहा यांसारख्या साधनांवरून थेट फोनच्या कळफलकावर आले आणि मधला तंटा त्यांनी पाहिलाच नाही.

शब्दसूचींवरील हक्क : कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) सरकारी कृतीवरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. आयोगाच्या व संचालनालयाच्या छापील सूची विकत मिळत. आता दोन्हीकडचे शब्द महाजालावर विनामूल्य शोधता येतात. आयोगाचे ‘शब्द’ हे शोधसंकेतस्थळ त्यासाठीच आहे. शोधता येणे आणि सबंध सूची उचलून आपल्या मुक्त स्रोत आज्ञावलीत घालता येणे या दोन गोष्टी आहेत. मुक्त स्रोताचे कार्यकर्ते दुसरीची मागणी करतात. जनतेच्या पैशातून घडलेला शब्द जनतेने उचलला तर बिघडले कुठे, हा त्यांचा सवाल. शब्दाला परवाना नसतो, संकलनाला असू शकतो, ही कायद्याची बाजू.

मराठी विकिपीडियाने (प्रारंभ २००३) हा प्रश्न बाजूला सारून आपली परिभाषा आपण घडवली. तिथे चर्चेच्या जागेला ‘चावडी’ म्हणतात आणि सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’.

विद्यापीठीय ग्रंथनिर्मिती : आयोगाच्या सहकार्याने विद्यापीठीय पुस्तके काढण्याच्या योजनेतील महाराष्ट्रातील संस्था नागपूरची.

परिसरातील अन्य प्रकरणे : याच वसाहतीतील एका शाळेच्या विद्यार्थ्यांशी संबंधित चित्रफीत २००४ मध्ये बाझी.कॉम या विक्रीस्थळावर आली. विक्रीस्थळाच्या प्रमुखाला अटक झाली, आणि दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला मध्यस्थ किती जबाबदार हा प्रश्न न्यायालयात गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९वे कलम २००८ मध्ये बदलले गेले, त्यामागच्या चर्चेत हे प्रकरण होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीला आरोपी न करता संचालकावर खटला चालवता येत नाही, या मुद्द्यावर प्रमुखाविरुद्धची कारवाई रद्द केली. मध्यस्थाच्या जबाबदारीचा मूळ प्रश्न त्या निकालाने सुटला नाही.

स्थापत्य : सरकारी.